सुट्या भागांचा माग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडातील कारखान्यांनी आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली आणि त्यांतील चार लाखांवर ट्रक एकाच घराण्यातले होते. लष्करी इतिहासात या घराण्याला ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’, म्हणजे कॅनडाच्या लष्करी नमुन्याची वाहने, असे नाव आहे आणि जुन्या वाहनांचे अभ्यासक त्यांचा उल्लेख ‘सीएमपी’ या आद्याक्षरांनी करतात. चार लाख ही संख्या लहान नव्हे. त्याच युद्धातील सुप्रसिद्ध अमेरिकी जीप सुमारे साडेसहा लाख बनली. तरीही आज जीपचे हवे ते सुटे भाग मिळवणे हे कष्टाचे नसून केवळ खर्चाचे काम आहे, तर सीएमपी ट्रकच्या एका दरवाज्यासाठी किंवा एका चाकासाठी जीर्णोद्धारकाला वर्षानुवर्षे थांबावे लागते. या तफावतीचे कारण उत्पादनाच्या आकड्यात सापडत नाही, ते युद्धानंतरच्या इतिहासात सापडते. जीपला नागरी वारस मिळाला. भारतातच १९४७पासून महिंद्रांनी मुंबईत ती जुळवायला आरंभ केला आणि तिचा वंश पुढे कित्येक दशके रस्त्यावर राहिला, त्यामुळे तिच्या भागांची मागणी आणि ते घडवणारे हात दोन्ही टिकले. सीएमपीचे उत्पादन मात्र युद्धाबरोबर १९४५मध्ये थांबले. त्याच्या आखूड नाकाच्या केबिनचे नागरी रूप कधीच निघाले नाही, म्हणून त्या केबिनचा पत्रा ठोकणारे साचेही कोणाला पुढे जपावेसे वाटले नाहीत. दुर्मीळपणा किती वाहने बनली यावर ठरत नाही, त्यांच्यामागे काय बनत राहिले यावर ठरतो, ही गोष्ट या ट्रकच्या जीर्णोद्धारात पावलोपावली प्रत्ययास येते.

या नमुन्याचा उगम १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धातला आहे. ब्रिटिश लष्कराने हलक्या ट्रकसाठी जे मानदंड ठरवले होते, त्यांबरहुकूम नमुने तयार करण्याचे काम कॅनडाच्या संरक्षण खात्याने फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्यांच्या कॅनडातील शाखांकडे सोपवले. एरवी बाजारात एकमेकींच्या कट्टर स्पर्धक असलेल्या या दोन कंपन्यांनी जवळजवळ सारख्याच बांध्याचे ट्रक बनवले. केबिन, चाके आणि मापे यांत बरेच साम्य, पण इंजिन मात्र ज्याचे त्याचे. शेव्हर्लेच्या ट्रकमध्ये २१६ घनइंचाचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले, ८५ अश्वशक्तीचे इंजिन असे, तर फोर्डमध्ये २३९ घनइंचाचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात आठ सिलिंडर मांडलेले, ९५ अश्वशक्तीचे. ट्रकची वर्गवारी भारक्षमतेवर होई आणि ती हंड्रेडवेट या ब्रिटिश मापात सांगितली जाई. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, तेव्हा १५ हंड्रेडवेटचा ट्रक म्हणजे सुमारे ७६२ किलो माल वाहणारा ट्रक. ‘सी १५ ए’ या खुणेत ‘सी’ म्हणजे शेव्हर्ले, ‘१५’ म्हणजे हंड्रेडवेट आणि ‘ए’ म्हणजे चारही चाकांना जोर पोहोचवणारी रचना. फोर्डच्या खुणेत ‘सी’च्या जागी ‘एफ’ येतो. १५ हंड्रेडवेटच्या या ट्रकचा चाकतळ, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, अवघे १०१ इंच. जहाजात कमी जागा व्यापावी आणि वाहनाच्या लांबीचा जास्तीत जास्त भाग मालाला मिळावा, यासाठी इंजिन चालक आणि त्याचा सोबती यांच्या मधोमध केबिनमध्येच घुसवलेले असे. चालकाला त्याचा ताप अक्षरशः सोसावा लागे.

केबिनच्या तीन पिढ्या झाल्या आणि त्यांना ११, १२ व १३ असे क्रमांक होते. पहिल्या दोन केबिनी अरुंद होत्या, चालकाचे पाय पेडलांपाशी अडत. १९४१च्या अखेरीस आलेली तेराव्या क्रमांकाची केबिन मात्र पूर्णपणे कॅनडात नव्याने आखलेली होती आणि तिची सहज कळणारी खूण म्हणजे उलट्या उताराची समोरची काच. एरवी काचेचा वरचा काठ मागे झुकलेला असतो. येथे खालचा काठ आत आणि वरचा पुढे, अशी मांडणी होती. त्यामुळे चालकाच्या डोळ्यांवर येणारी तिरीप कमी होई आणि उन्हात चमकलेली काच आकाशातल्या शत्रूच्या विमानाला दिसण्याचा धोकाही टळे. ज्या ट्रककडे पाहताच तो कपाळाला आठ्या घालून उभा आहे असे वाटते, तो तेराव्या केबिनचा, एवढे लक्षात ठेवले तरी ओळख पटायला पुरते.

महाराष्ट्राशी या ट्रकचा संबंध थेट आहे, आणि आपल्याकडील औद्योगिक इतिहासाच्या लेखनात त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडी येथे वाहनजुळणीचा कारखाना सुरू केला होता आणि फोर्डचेही जुळणीचे काम मुंबईत चाले. युद्धकाळात कॅनडाहून लाकडी खोक्यांत सुटे करून पाठवलेले ट्रक ज्या देशांत जुळवले जात, त्यांत भारत होता. वाहन सुटे करून पाठवले की एका जहाजात कितीतरी अधिक वाहने मावतात, म्हणून ही पद्धत. याच कॅनेडियन चासीवर, म्हणजे चाके, इंजिन आणि पोलादी चौकट एवढ्याच सांगाड्यावर, भारतात चिलखती गाडीही उभी राहिली. तिच्या चिलखताचा पत्रा जमशेदपूरच्या टाटांचा असल्यामुळे सैनिकांत ती ‘टाटानगर’ या नावाने ओळखली जाई, आणि तिची संख्या चार हजारांच्या वर गेली. उत्तर आफ्रिकेतून इटलीत गेलेल्या ब्रिटिश आठव्या सैन्यात कॅनेडियन ट्रकचा सर्रास वापर होता. त्याच इटलीच्या मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे यांनी १९४४मध्ये आणि नामदेव जाधव यांनी १९४५मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या पराक्रमामागे दारूगोळा, पाणी आणि शिधा वाहून आणणारी जी वाहने होती, त्यांत या आखूड नाकाच्या ट्रकचा वाटा मोठा होता. युद्ध संपल्यावर सरकारने शिल्लक लष्करी साहित्य विकायला काढले आणि ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द मराठीत रुळला. अनेक ट्रक खासगी मालवाहतुकीत गेले आणि तेथेच झिजून संपले. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्या भारतातून बाहेर पडल्या, तेव्हा या वाहनांच्या अधिकृत भागांचा देशातला झराच आटला.

अशा ट्रकचा जीर्णोद्धार हाती घेताना पहिले काम पान्ह्याचे नसून वाचनाचे असते. समोरचे वाहन नेमके कोणते आहे हे ठरल्याशिवाय कोणता भाग शोधायचा हेच ठरत नाही. केबिनमधील पत्र्याच्या पट्टीवर नमुना आणि अनुक्रमांक दिलेला असतो, चासीच्या पोलादी तुळईवर क्रमांक ठोकलेला असतो आणि इंजिनावर त्याचा स्वतंत्र क्रमांक असतो. हे तिन्ही एकमेकांशी जुळतातच असे नाही. लष्करी कार्यशाळेत इंजिन बदलणे ही नित्याची बाब होती, आणि नागरी मालकांनी तर एका ट्रकची केबिन दुसऱ्याच्या चासीवर बसवून, मूळ पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन घालून, पाटा कापून, लांबवून, गरजेप्रमाणे बदल केले. चासीवरचा क्रमांक गंजाखाली दडलेला असतो. तो खरवडून काढू पाहणाऱ्याने घाईत ग्राइंडर फिरवला तर क्रमांकच पुसला जातो, म्हणून जाणकार तेथे रॉकेलात भिजवलेला बोळा आणि पितळी ब्रश एवढ्यावरच काम भागवतात.

भाग मिळण्याची सोपी-अवघड प्रत लावली तर बाहेरच्याला नवल वाटेल असा क्रम दिसतो. इंजिन हा वाहनातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग, पण तोच सर्वांत सहज सावरतो, कारण शेव्हर्लेचे २१६ घनइंची इंजिन १९३७पासून १९५३पर्यंत नागरी मोटारींत आणि ट्रकमध्ये बसत होते. त्याचे पिस्टन, झडपा आणि गॅस्केट आजही अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांकडे मिळतात. मात्र त्याची अंतर्गत रचना आजच्या मेकॅनिकला अनोळखी असते. या इंजिनातील कनेक्टिंग रॉडला, म्हणजे पिस्टनचा जोर क्रँकशाफ्टपर्यंत नेणाऱ्या दांड्याला, आजच्यासारखे सुटे बेअरिंग नसते. दांड्याच्या डोळ्यातच बॅबिट हा कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो, ज्याला आपल्याकडच्या कार्यशाळांत ‘व्हाइट मेटल’ म्हणतात. झिजलेला दांडा दुरुस्त करायचा तर आधी जुना धातू वितळवून काढायचा, डोळ्याच्या आतल्या पोलादी अंगाला कल्हई करायची, दांडा साच्यात घट्ट धरून गरम करायचा आणि वितळलेला मिश्रधातू एका धारेत, मध्ये खंड न पडू देता, ओतायचा. धार तुटली की आत थर पडतात आणि ते बेअरिंग काही दिवसांतच उखडते. धातू निवल्यावर लेथवर डोळा नेमक्या मापाला कातला जातो आणि दांड्याच्या दोन अर्ध्यांमध्ये कागदाहून पातळ पत्र्या घालून फट जुळवली जाते. पुढे झीज झाली की एकेक पत्री काढून फट पुन्हा कमी करायची, अशी ही सोय. तेलाची व्यवस्थाही तितकीच वेगळी. दांड्याच्या खालच्या टोकाला पळीसारखा लहान तुकडा असतो, तो प्रत्येक फेऱ्यात तेलाच्या पन्हळीतून आणि समोरून येणाऱ्या धारेतून तेल उचलून बेअरिंगपर्यंत पोहोचवतो. पळीचे तोंड उलट दिशेला बसले तर बेअरिंग कोरडे पडते आणि इंजिन बसते. तेलाच्या दाबाचा काटा चालू इंजिनातही पंधरा पौंडांच्या आसपासच राहतो, हे ठाऊक नसलेला माणूस इंजिन बिघडले असे समजून चांगले इंजिन उगाच खोलतो.

फोर्डच्या आठ सिलिंडरी इंजिनाचे दुखणे निराळे आहे. त्याच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच असल्याने जळालेला तप्त वायू बाहेर पडण्यापूर्वी ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या पोकळीला लागून जातो आणि पाणी तापवतो. त्या पोकळीत ऐंशी वर्षांचा गंज आणि ओतकामाच्या वेळची वाळूसुद्धा साचलेली आढळते. ती खरवडून, धुऊन काढल्याशिवाय रेडिएटर कितीही नवा बसवला तरी ट्रक घाटात उकळणारच. झडपांच्या बैठकीपाशी तडा गेला आहे का, हे पाहण्यासाठी ब्लॉक चुंबकित करून त्यावर लोखंडाचा बारीक कीस टाकतात. तडा असेल तेथे कीस रेषेत गोळा होतो. अशा तड्यावर वेल्डिंगची घाई करू नये, कारण बिडाचे ओतीव लोखंड एकाच जागी तापले की शेजारी नवा तडा जातो. धातूच्या बारीक आट्यांच्या खिळ्यांनी तडा टाके घातल्यासारखा शिवून बंद करण्याची थंड पद्धत येथे अधिक विश्वासाची ठरते.

भागांचा शोध हा बऱ्याच अंशी क्रमांकांचा शोध असतो. फोर्डच्या भागक्रमांकाचे तीन अवयव असतात: आरंभीची अक्षरे आणि अंक तो भाग प्रथम कोणत्या वाहनासाठी आखला गेला हे सांगतात, मधला मूळ क्रमांक तो भाग कोणता हे सांगतो, आणि अखेरचे अक्षर त्यात झालेला बदल दाखवते. मधला क्रमांक ८००५ असेल तर तो रेडिएटर, ६६०० असेल तर तेलाचा पंप, ९५१० असेल तर कार्ब्युरेटर, मग वाहन कोणतेही असो. हे एकदा हाती आले की अंधाऱ्या गोदामात फडताळावर पडलेली, चिकट तेलकट कागदात गुंडाळलेली पुडी उघडण्याआधीच तिच्यात काय असेल हे उमगते. शेव्हर्लेच्या क्रमांकात असा बोलका अर्थ नाही, तेथे छापील यादीच लागते. म्हणून या क्षेत्रात युद्धकालीन भागसूची आणि दुरुस्तीच्या पुस्तिका यांना भागांइतकेच मोल आहे. कोणता भाग नागरी मोटारीशी समान आहे आणि कोणता केवळ लष्करी ट्रकचा आहे, हे भागसूची शेजारी ठेवून ताडून पाहणारा जीर्णोद्धारक निम्मी लढाई बसल्या जागी जिंकतो. आपल्याकडील किती भागसूच्या रद्दीत गेल्या असतील, याचा विचार क्लेशदायक आहे.

जे भाग केवळ या ट्रकचे, त्यांचा ठावठिकाणा जगभर विखुरलेला आहे. ऑस्ट्रेलियात युद्धानंतर हजारो ट्रक शेतकऱ्यांनी घेतले. तेथील कोरड्या अंतर्भागात पत्रा फारसा गंजत नाही, त्यामुळे शेतांच्या कडेला उभे राहिलेले सांगाडे आजही कामाचे ठरतात. नॉर्वेच्या लष्कराने हे ट्रक युद्धानंतर दीर्घकाळ वापरले, म्हणून तेथे न वापरलेले सुटे भाग निघत राहिले. आपल्याकडे मुंबईचा चोरबाजार, कुर्ल्याची भंगार दुकाने आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार या जागा जुन्या वाहनप्रेमींच्या पायाखालच्या. तेथे अख्खा भाग मिळण्याची आशा थोडी, पण डायल, दिव्याची कडी, कुलूप, पान्हे आणि हत्यारांची पेटी अशा लहान वस्तू मात्र अवचित हाती लागतात, आणि जीर्णोद्धार अशा लहान वस्तूंपाशीच अडलेला असतो. दिसायला एकसारख्या दोन डायलींपैकी कोणती लष्करी, हे मागच्या ठशावरून ओळखता यावे लागते. त्या काळच्या चमकत्या आकड्यांच्या काही डायलींत रेडियम असते, त्यामुळे त्यांची काच उघडून आत खरवडण्याचा मोह टाळलेलाच बरा.

येथे एक नैतिक पेच उभा राहतो. एक ट्रक पूर्ण करण्यासाठी दुसरा मोडायचा का? व्यवहारात बहुतेक जीर्णोद्धार दोन-तीन सांगाड्यांतून एक ट्रक उभा करूनच होतात, आणि ज्याची चासीच गंजून तुटली आहे अशा ट्रकचे भाग घेण्यात गैर काही नाही. पण सावरता येईल असा दुर्मीळ ट्रक केवळ एका दरवाज्यासाठी मोडणे हे अक्षम्य आहे, कारण अशा प्रत्येक व्यवहारात एकूण संख्येतला एक ट्रक कायमचा वजा होतो. भाग घेतलेल्या सांगाड्याचाही क्रमांक, पट्टी आणि छायाचित्रे जपून ठेवणारे जे थोडे लोक आहेत, ते या विषयाची खरी सेवा करत आहेत.

केबिनचा पत्रा हे सर्वांत जिकिरीचे काम. केबिनच्या सांध्यांत आणि दरवाज्याच्या दुहेरी पत्र्याच्या पोकळीत पाणी साचते, आतून गंज धरतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असतानाच पत्रा पापडासारखा झालेला असतो. तयार पत्रा मिळत नाही, तेव्हा कुशल डेंटरकडून तो ठोकून घ्यावा लागतो, आणि येथे भारताची बाजू खरोखर भक्कम आहे: लाकडी ठोकळा, वाळूची पिशवी आणि हातोडा एवढ्यावर हव्या त्या गोलाईचा पत्रा उतरवणारे कारागीर आपल्या शहरांत आजही आहेत. समोरच्या काचा सपाट असल्याने कोणताही काचवाला त्या कापून देतो. अडते ते त्यांच्या चौकटीपाशी. इंजिन बाहेर काढायचे तर आधी रेडिएटर आणि नाकाचा पत्रा सोडवावा लागतो, त्यामुळे अधीर माणसाने तो पत्रा पूर्वीच कधीतरी कापलेला असतो, हा अनेक ट्रकचा सारखाच इतिहास.

चाकांविषयी सावधगिरीचे चार शब्द आवश्यक आहेत. या ट्रकची चाके दोन अर्ध्या चकत्या बोल्टने जोडून केलेली असतात, जेणेकरून जाड टायर सहज चढवता यावा. चाकावर बोल्टच्या दोन रांगा दिसतात: एक रांग चाक आसाला धरते, दुसरी चाकाचे दोन अर्धे एकत्र धरते. टायरमध्ये हवा असताना ही दुसरी रांग सोडवली तर चाकाचे अर्धे स्फोट व्हावा तसे उडतात आणि समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. ब्रिटिश लष्करात या दुसऱ्या रांगेच्या नटांना इशाऱ्यादाखल तांबडा रंग देण्याची रीत होती. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला ही रचना ठाऊक असण्याचे कारण नाही. तेव्हा चाक त्याच्या हाती देण्यापूर्वी व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण सोडणे, आणि नटांना पुन्हा तांबडा रंग देणे, हे मालकाचे कर्तव्य ठरते. टायरच्या काही मापांचे उत्पादन आजही होते. ज्या मापाचे होत नाही, तेथे जवळचे माप स्वीकारावे लागते.

नटबोल्टसारख्या क्षुल्लक वस्तूतही इतिहास गुंफलेला आहे. कॅनडाच्या ट्रकवर अमेरिकी आटे, ब्रिटिश सामग्रीवर व्हिटवर्थचे आटे, आणि दोन्हींचा कोन वेगळा, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर नीट बसत नसे. युद्धात याचा एवढा जाच झाला की १९४८मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी सामाईक आट्यांचा करारच केला. आजच्या भारतीय बाजारात मिळणारे बोल्ट मेट्रिक मापाचे. ते जबरदस्तीने फिरवून मूळ आटे मारून टाकलेले ट्रक जागोजागी आढळतात. मूळ बोल्ट गंजलेला असला तरी फेकू नये. फोर्डच्या अनेक भागांवर कंपनीचे ‘एफ’ हे अक्षर ठोकलेले असते आणि तीच त्या भागाच्या अस्सलपणाची साक्ष असते.

रंगाच्या बाबतीत तर ट्रक हाच दस्तऐवज. दरवाज्याच्या आतल्या बाजूला किंवा डॅशबोर्डच्या मागे, जेथे ऊन आणि हात पोहोचले नाहीत, अशा जागी ओल्या बारीक पॉलिश कागदाने अंगठ्याएवढे वर्तुळ हळूहळू घासत गेले की झाडाच्या बुंध्यातील वलयांसारखे थर उलगडतात: सर्वांत वर एखाद्या मालवाहतूकदाराचा निळा किंवा नारिंगी, त्याखाली सैन्याचा हिरवा, त्याखाली तपकिरी, त्याखाली गंजरोधक तांबडा आणि तळाशी लोखंड. कॅनडाच्या ट्रकवर आरंभी ‘खाकी ग्रीन’ ही हिरवी छटा, मधल्या काळात तपकिरी आणि १९४४पासून ऑलिव्ह छटा असा क्रम होता, म्हणून तळाचा लष्करी रंग उत्पादनाचा काळ सुचवतो. थरांची नोंद न करता सबंध केबिन वाळूच्या माऱ्याने साफ करणे म्हणजे बखर वाचण्याआधीच तिचे कागद धुऊन टाकणे. त्या जुन्या रंगात शिसे असते, शिवाय ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असते, तेव्हा कोरडे घासणे आरोग्यालाही घातक. भारतात आणखी एक अडचण कायद्याची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मधील नियम १२१प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांनाच देता येतो. तेव्हा भारतातील जीर्णोद्धारकाने युद्धाच्या आरंभीच्या किंवा मधल्या वर्षांतली खाकी किंवा तपकिरी छटा निवडावी. ती इतिहासाला धरून राहते आणि कायद्यालाही. बॉनेटवरच्या लष्करी क्रमांकातही अर्थ असतो: ब्रिटिश पद्धतीत ‘झेड’ हे अक्षर हलक्या ट्रकचे, ‘एल’ हे जड लॉरीचे, आणि कॅनडाच्या सैन्यात त्याच्या आधी ‘सी’ लागे. शोभेसाठी मनाला येईल तो क्रमांक रंगवणे हे खोटे कागद तयार करण्यासारखे आहे.

मुळात ट्रक नव्यासारखा करावा की आहे तसा जपावा, हा वाद जुनाच आहे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे वाळवंटात शत्रूच्या पिछाडीस फिरणाऱ्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपचा एक शेव्हर्ले ट्रक आहे. तो सीएमपी घराण्यातला नसून त्याच्या आधीच्या नागरी बांधणीचा आहे. लिबियाच्या वाळवंटात अनेक दशके पडून राहिल्यावर तो सापडला आणि संग्रहालयाने त्याला रंग न लावता, त्याच्या गंजासकट ठेवला. हा निर्णय योग्यच म्हणावा लागतो, कारण त्या ट्रकवरची प्रत्येक खोक एका विशिष्ट दिवसाची आहे. उलट जो ट्रक तीस वर्षे विटा वाहून, चार वेळा रंगून, डिझेल इंजिनासह एखाद्या शेडमध्ये पडला आहे, त्याचा जीर्णोद्धार न करणे म्हणजे त्याला मरू देणे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, स्वीकारलेल्या तुरीन सनदेत जतन आणि जीर्णोद्धार यांत फरक केला आहे आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवण्यावर भर दिला आहे. हीच भूमिका विवेकाची वाटते. नव्या पत्र्याच्या आतल्या बाजूला वर्ष कोरून ठेवायला पाच मिनिटे लागतात, आणि पुढच्या अभ्यासकाचे पाच महिने वाचतात.

ट्रक चालता ठेवायचा तर काही अदृश्य बदल अपरिहार्यच असतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे इंधनपंपातील पडदा आणि नळ्या नव्या रबराच्या घालाव्या लागतात. सहा व्होल्टची मूळ वीजव्यवस्था मात्र बदलण्याची गरज नाही. जाड तारा आणि स्वच्छ अर्थिंग मिळाले की ती उत्तम चालते, आणि ती मंद आहे ही तक्रार बहुतेक वेळा बारा व्होल्टच्या बारीक तारा वापरल्यामुळे उद्भवलेली असते. नोंदणीचा प्रश्न अधिक बिकट आहे. २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले, त्यांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. नियम ‘पहिली नोंदणी’ धरून चालतो, लष्करी वाहनाला मात्र सैन्याचा स्वतःचा क्रमांक असतो, नागरी नोंदणी होते ती लिलावानंतर. म्हणून लिलावाची पावती, जुने नोंदणीपुस्तक आणि चासीवरचा क्रमांक यांची साखळी अखंड असणे फार महत्त्वाचे ठरते. यंत्राचा हरवलेला भाग नवा घडवता येतो, हरवलेला कागद नव्याने घडवता येत नाही.

महाराष्ट्रात जुन्या वखारी, ऊसतोडीच्या गावांतील शेडी, बंद पडलेल्या सॉ-मिल आणि गॅरेजची मागली आवारे अशा जागी या घराण्यातले सांगाडे अजून असण्याची शक्यता आहे. वाचकांपैकी कोणाच्या घराण्यात शिवडीच्या जुळणी कारखान्यातील नोकरीचे कागद, छायाचित्रे किंवा दुरुस्तीच्या पुस्तिका असतील, तर त्या रद्दीत देऊ नयेत, जवळच्या अभिलेखागाराला किंवा संग्रहालयाला त्यांच्या प्रती द्याव्यात. आखूड नाकाचा, उलट्या उताराच्या काचेचा ट्रक कोठे दिसला, तर तो भंगारात जाण्यापूर्वी निदान केबिनमधल्या पट्टीचे आणि चासीवरच्या क्रमांकाचे छायाचित्र काढून, ते कोठे आणि कोणत्या तारखेला काढले हे त्याच्या मागे लिहून ठेवावे.